छोट्या कत्तलखान्यातील मांस आणि औषधांना दाद न देणारा साल्मोनेला: कोकणातील खाटीक, पंचायत आणि घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोकणातील मांसाचा व्यवहार बहुतांशी छोट्या जागांतून चालतो. चिपळूण, खेड, महाड, राजापूर किंवा सावंतवाडीच्या बाजारात सकाळी टांगलेले मटण बहुधा त्याच पहाटे, जवळपासच, दिवसाकाठी मोजकीच जनावरे कापणाऱ्या ठिकाणाहून आलेले असते. अशा जागेला मोठ्या कारखान्यासारखी शीतगृहे आणि प्रयोगशाळा परवडत नाहीत हे खरे. परंतु साल्मोनेला हा जुलाब आणि ताप आणणारा जिवाणू मांसावर येतो तो दोन-तीन ठरावीक क्षणी येतो, आणि ते क्षण सांभाळायला यंत्रापेक्षा कामाचा ठरलेला क्रम जास्त उपयोगी पडतो. तो क्रम गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत कसा ठेवावा, हे पुढे सांगितले आहे.

कायद्याची एक बाब आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. त्यामुळे येथे ‘मोठ्याचे’ मांस म्हणजे म्हैसवर्गीय जनावराचे, आणि त्यासाठीही जनावर कत्तलयोग्य असल्याचा दाखला लागतो. साल्मोनेलाविषयीचा बराचसा अभ्यास परदेशात गोमांसावर झालेला आहे. तरीही रवंथ करणाऱ्या जनावरांचे पोट, आतडी आणि कातडी यांतून जिवाणू पसरण्याची रीत सारखीच असल्याने त्यातून निघालेल्या कार्यपद्धती म्हशीला आणि बऱ्याच अंशी शेळ्या-बोकडांनाही लागू पडतात.

आधी शत्रू ओळखावा

साल्मोनेलाचे २,५०० हून अधिक उपप्रकार ज्ञात आहेत. विषमज्वर म्हणजे टायफॉइड करणारा प्रकार फक्त माणसात राहतो. मांसाच्या बाबतीत प्रश्न येतो तो टायफिम्युरियम, न्यूपोर्ट, डब्लिन अशा प्रकारांचा, जे जनावरांच्या आतड्यांत वस्ती करतात. अडचणीची गोष्ट अशी की हे जिवाणू बाळगणारे जनावर पुष्कळदा धडधाकट दिसते, नीट खाते, रवंथ करते आणि शेणावाटे जिवाणू बाहेर टाकत राहते. ‘जनावर निरोगी होते’ एवढ्यावरून मांस स्वच्छ असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

हा जिवाणू साधारण ५ ते ४६ अंश सेल्सिअस तापमानात वाढू शकतो आणि ३७ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतो. ७ अंशांखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते, पण तो मरत नाही. फ्रीजरमध्ये गोठवला तरी त्यातले बरेच जिवाणू टिकून राहतात. मांसाच्या गाभ्यापर्यंत ७० अंशांच्या वर उष्णता पोहोचली की मात्र तो झपाट्याने मरतो. अनुकूल स्थितीत तो अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो, म्हणजे एकदा वाढीला लागल्यावर सहा तासांत एकाचे चार हजारांवर जातात. कोकणात वर्षातील बराच काळ तापमान २५ ते ३३ अंशांच्या दरम्यान असते आणि हवेत ओल असते, त्यामुळे सकाळी कापलेले मांस दुपारपर्यंत उघड्यावर टांगलेले राहिले तर काय होत असेल याचा अंदाज करता येईल.

आता औषधप्रतिरोधाविषयी. प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचा, वारंवार, अर्धवट किंवा विनाकारण वापर झाला की संवेदनशील जिवाणू मरतात आणि दाद न देणारे उरून वाढतात. प्रतिरोधाची जनुके पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या लहान तुकड्यांवर असतात आणि ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. १९९० च्या दशकात अनेक देशांत पसरलेला टायफिम्युरियम डीटी १०४ हा प्रकार अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा औषधे आणि टेट्रासायक्लिन अशा पाचही गटांना एकाच वेळी जुमानत नसे. अमेरिकेत २०१८-१९ मध्ये न्यूपोर्टच्या एका बहुप्रतिरोधी प्रकाराने २५५ जण आजारी पडल्याची नोंद झाली; त्या साथीचा माग गोमांसापर्यंत आणि मेक्सिकोतील मऊ चीजपर्यंत लागला, आणि त्या जिवाणूवर अ‍ॅझिथ्रोमायसिनचा परिणामही कमी होत असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या यादीत फ्लुरोक्विनोलोन गटाला दाद न देणाऱ्या साल्मोनेलाला उच्च प्राधान्याच्या जिवाणूंत ठेवले आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, ज्याची गोळी आपल्याकडे जुलाब लागताच सर्रास घेतली जाते, ते याच गटातले.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की प्रतिरोधी जिवाणू शिजवूनही मरत नाही. तसे नाही, उष्णतेपुढे आणि क्लोरीनपुढे प्रतिरोधी आणि साधा साल्मोनेला सारखेच टिकाव धरतात किंवा सारखेच मरतात. प्रतिरोधाचा फटका बसतो तो माणूस आजारी पडून औषधाची गरज लागते तेव्हा. दुसरा गैरसमज औषधाच्या अवशेषांचा आहे. जनावराला इंजेक्शन दिल्यावर ठरावीक दिवस त्याचे मांस किंवा दूध वापरू नये, असे बाटलीवर लिहिलेले असते. हा विरतीकाळ पाळल्याने मांसात उरणारे औषध कमी होते. आतड्यात तयार झालेले प्रतिरोधी जिवाणू मात्र तो काळ संपला म्हणून नाहीसे होत नाहीत. म्हणून विरतीकाळ पाळणे आणि कापताना शेण मांसाला लागू न देणे ही दोन्ही कामे स्वतंत्रपणे करावी लागतात.

गोठ्यातील काम

कासदाह, वासरांची हगवण आणि शेळ्यांचा न्यूमोनिया या तीन कारणांनी गोठ्यात सर्वाधिक प्रतिजैविके येतात. गावात पशुवैद्यक वेळेवर मिळत नाही, मग मेडिकलमधून बाटली आणून एक-दोन इंजेक्शने टोचली जातात आणि जनावर उठून उभे राहिले की उरलेला डोस राहून जातो. पशुपालकाने निदान एवढे करावे: औषध पशुधन विकास अधिकारी किंवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच आणावे, सांगितलेले दिवस पूर्ण करावेत, आणि एका वहीत जनावराचा बिल्ला क्रमांक, औषधाचे नाव, तारीख आणि विरतीकाळ संपण्याची तारीख लिहावी. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या पर्यायांपैकी एक असलेले औषध खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत वापरण्यास केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली आहे. वाढीसाठी म्हणून कुणी तशी भुकटी देऊ केली तर ती घेऊ नये.

खाटकाने जनावर विकत घेताना ही वही मागावी. सुरुवातीला पशुपालक हसतील, काही चिडतीलही. पण दोन-तीन खरेदीदारांनी सातत्याने विचारले तर वही ठेवली जाते, असा व्यवहारातील अनुभव आहे. गेल्या महिन्यात हगवण झालेले किंवा औषध सुरू असलेले जनावर घेऊ नये.

घाट उतरून आलेले जनावर

कोकणात कापली जाणारी पुष्कळशी जनावरे घाटावरच्या बाजारांतून कुंभार्ली, आंबा अशा घाटांनी खाली येतात. गाडीतील दाटी, वळणे, तहान आणि भीती यांमुळे जनावर शेणातून अधिक जिवाणू टाकू लागते, आणि गाडीच्या फळीवरचे शेण सर्वांच्या अंगाला लागते. म्हणून गाडी प्रत्येक फेरीनंतर धुऊन वाळवावी, वेगवेगळ्या ठिकाणची जनावरे शक्यतो एकत्र कोंबू नयेत, आणि उतरवल्यावर त्यांना कोरड्या, पाणी न साचणाऱ्या जागेत १२ ते २४ तास थांबू द्यावे. या काळात चारा बंद आणि पाणी भरपूर, असा नियम ठेवावा. पोट हलके झाले की ते काढताना फुटण्याचा धोका कमी होतो.

उपास लांबवणे मात्र घातक आहे. चारा मिळत असताना जनावराच्या मोठ्या पोटात जी आम्ले तयार होतात ती साल्मोनेलाला दाबून ठेवतात. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या जनावरात ती घटतात आणि जिवाणूला मोकळे रान मिळते. बकरी ईद, शिमगा किंवा आखाडाच्या अखेरीस मागणी वाढते म्हणून आधीच जनावरे आणून बांधून ठेवण्याची पद्धत आहे. तसे करायचेच असेल तर शेवटचा दिवस सोडून त्यांना नियमित चारा द्यावा.

२००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार पशुवैद्यकाने एका तासात १२ पेक्षा आणि दिवसाला ९६ पेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत, अशी मर्यादा आहे. छोट्या जागेत एवढी संख्या येतच नाही, त्यामुळे तपासणीला वेळ नव्हता ही सबब येथे टिकत नाही. जनावर जिवंत असताना आणि कापल्यानंतर, अशा दोन्ही वेळा तपासणी व्हावी.

कातडी सोलताना

सर्वाधिक लक्ष या टप्प्यावर आणि त्याच्या पुढच्या टप्प्यावर द्यावे. आतील मांस मुळात जवळजवळ निर्जंतुक असते. त्यावर जिवाणू येतो तो कातडीवरून, खुरांवरून, हातांवरून आणि सुरीवरून.

पावसाळ्यात म्हशीच्या अंगावर चिखल-शेणाची खपली असते. ती आदल्या दिवशी धुऊन काढावी आणि जनावर वाळू द्यावे. ऐन कापण्याआधी पाणी मारलेली ओली कातडी ही कोरड्या मळक्या कातडीपेक्षाही वाईट, कारण सोलताना तिच्यावरचे घाण पाणी ओघळून थेट मांसावर उतरते. जनावर ओलेच असेल तर ते त्या दिवशीच्या क्रमात शेवटी घ्यावे.

प्रत्येक कारागिराकडे दोन सुऱ्या असाव्यात आणि शेजारी कढत पाण्याचे भांडे असावे. या पाण्याचे तापमान ८२ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, अशी सर्वमान्य पद्धत आहे. तापमापी नसेल तर भांडे शेगडीवर ठेवून बारीक बुडबुडे येत राहतील इतके तापते ठेवावे. सुरी आधी नळाखाली धरून रक्त काढून टाकावे आणि मगच कढत पाण्यात ठेवावी, कारण रक्ताने माखलेले पाते थेट गरम पाण्यात गेले की रक्त पात्यावर भाजून चिकटते आणि त्या पापुद्र्याखाली जिवाणू सुरक्षित राहतो. एक सुरी पाण्यात, दुसरी हातात, अशी अदलाबदल करत राहावी.

कातडीवरचा पहिला छेद घेतल्यावर ती सुरी बदलावी. पुढचे सर्व छेद पाते कातडीखाली घालून, धार बाहेरच्या दिशेने ठेवून, आतून बाहेर घ्यावेत. बाहेरून आत कापले तर केस आणि त्यावरचे शेण पात्याबरोबर मांसात जाते. सोललेली कातडी नेहमी बाहेरच्या बाजूस उलटी मुडपत जावी, जेणेकरून तिची केसाळ बाजू मांसाला टेकणार नाही. एका हाताने कातडी ओढायची आणि दुसऱ्या हाताने सुरी चालवायची, हा भेद कामभर पाळावा. कातडी धरणारा हात मांसाला लागला तर तिथेच थांबून धुवावा. हे वाचायला सोपे वाटते, पण वेगाने काम करणाऱ्या माणसाची सवय बदलायला काही आठवडे जातात, आणि त्यासाठी मालकाने शेजारी उभे राहणे भाग पडते.

जनावर जमिनीवर ठेवून सोलण्याची पद्धत शक्य तितक्या लवकर बंद करावी. बोकडासाठी भिंतीतला मजबूत आकडा पुरतो. म्हशीसाठी साखळीचा हाताने ओढायचा चेनपुली लागतो. या एका गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तो फरशीवर किंवा रंगावर करण्याआधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोट आणि आतडी काढताना

पोटाला हात घालण्यापूर्वी दोन गाठी मारायच्या असतात. मानेतील अन्ननलिका मोकळी करून तिला सुतळीने घट्ट बांधावे, म्हणजे जनावर टांगल्यावर पोटातला रस तोंडावाटे मानेवर उतरत नाही. दुसऱ्या बाजूला गुदद्वाराभोवती गोल छेद घेऊन आतड्याचे टोक सुटे करावे, त्यावर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी चढवून बांधावे आणि मग ते आत सोडावे. पोट फाडताना सुरीचे टोक आपल्याकडे आणि मूठ आत राहील अशी धरावी, म्हणजे आतडे चिरले जात नाही.

इतके करूनही कधीतरी आतडे फुटतेच. अशा वेळी पहिली ऊर्मी बादलीभर पाणी ओतण्याची असते आणि नेमके तेच करू नये. पाण्याने शेण निघाल्यासारखे दिसते, पण जिवाणू पाण्याबरोबर साऱ्या धडावर पसरतात. डाग लागलेला भाग स्वच्छ सुरीने सभोवतालच्या थोड्या मांसासह कापून टाकावा, सुरी बदलावी, हात धुवावेत आणि मग पुढे जावे. धडावर पाणी मारायचे असेल तर ते डाग कापून झाल्यावर, पिण्यायोग्य पाण्याने, वरून खाली मारावे.

वजडी, आतडी, मुंडी आणि पाय यांचे काम वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाने करावे. माणूस एकच असेल तर धडाचे सारे काम उरकून ते आत नेल्यावर करावे. वजडी धुताना उडणारे तुषार हे छोट्या जागांतील दूषिततेचे फार मोठे आणि फार दुर्लक्षित कारण आहे.

खिम्याबाबत एक सावधगिरी सांगायला हवी. मोठ्या जनावरात साल्मोनेला आतड्यातून लसिकाग्रंथींत जाऊन बसलेला असू शकतो. खांद्यापुढे आणि मांडीच्या चरबीत या ग्रंथी करड्या-पिवळसर, टणक गाठींसारख्या हाताला लागतात. बाहेरून कितीही धुतले तरी आतला जिवाणू जात नाही, आणि अशी गाठ यंत्रात गेली की साऱ्या खिम्यात मिसळते. खिम्याचे मांस साफ करताना या गाठी चरबीसह काढून टाकाव्यात.

पाणी, टीसीएल आणि सांडपाणी

कोकणात बहुतेक छोटे कत्तलखाने विहिरीच्या पाण्यावर चालतात. जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळलेला असतो, त्यामुळे शोषखड्ड्यात सोडलेले रक्तपाणी पावसाळ्यात सहज विहिरीपर्यंत पोहोचू शकते. खड्डा आणि विहीर यांत किमान १५ मीटर अंतर ठेवावे असे सांगितले जाते. जांभ्यात ते त्याहून बरेच जास्त ठेवावे, आणि खड्डा उताराच्या खालच्या बाजूस असावा. आतड्यांतील घाण वहाळात, पऱ्यात किंवा खाडीत टाकणे तर पूर्णपणे बंद झाले पाहिजे, कारण प्रतिरोधी जिवाणू त्या पाण्यातून खालच्या वाडीतल्या गुरांकडे आणि भाजीच्या वाफ्यांकडे जातात. शेण आणि पोटातील चारा खड्ड्यात कुजवावा. ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापेल आणि काही दिवस तसाच राहील इतका मोठा रचून तो वरखाली करावा.

पिण्यायोग्य पाण्यासाठी दर १,००० लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हे ढोबळ प्रमाण आहे. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल तर आत सुमारे २८,००० लिटर पाणी असते आणि ७० ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी विहिरीत सोडावे. एक तासाने मुक्त क्लोरीन तपासावा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम आढळला तर पाणी वापरण्यास हरकत नाही. गढूळ पाण्याला जास्त पावडर लागते, म्हणून पावसाळ्यात ही तपासणी रोज करावी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाण्यातील क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीचे साहित्य असते; त्याला बोलावण्यात कमीपणा मानू नये. आपल्या दमट हवेत टीसीएलचे पोते उघडे राहिले की काही आठवड्यांतच त्यातला क्लोरीन उडून नुसता चुना उरतो. पावडर लहान प्रमाणात आणावी आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवावी.

जमीन, टेबल आणि आकडे यांच्यासाठी तीव्र द्रावण लागते: १० लिटर पाण्यात सुमारे ७ ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे लिटरला अंदाजे २०० मिलिग्रॅम क्लोरीन (२०० पीपीएम). रक्त आणि चरबी असलेल्या पृष्ठभागावर क्लोरीन वाया जातो, म्हणून आधी घाण खरडून गोळा करावी, मग साबणाच्या पाण्याने घासावे, धुवावे, नंतर द्रावण लावून दहा मिनिटे थांबावे आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावे.

लाकडी ओंडक्याचा प्रश्न वेगळा आहे. सत्तुराच्या घावांनी त्याला भेगा पडतात आणि त्यात मांसाचे कण अडकतात. उन्हाळ्यात रोज खरडून, कढत पाणी ओतून, उन्हात वाळवला तर तो चालवून घेता येतो. जून ते सप्टेंबर मात्र तो कधीच पूर्ण वाळत नाही; त्या महिन्यांत जाड नायलॉनची फळी वापरणे बरे.

विक्री आणि थंडावा

आपल्याकडे ग्राहकाला ताजे, गरम मांस हवे असते आणि त्यात गैर काही नाही, फक्त ते विकण्याची मुदत हवी. कापल्यापासून चार तासांत जे विकले जाणार नाही ते ४ अंशांच्या फ्रीजमध्ये जावे. फ्रीजमध्ये तुकडे एकावर एक रचू नयेत. मध्यभागी थंडावा पोहोचायला फार वेळ लागतो. वादळात किंवा भारनियमनात वीज जाते तेव्हा मिरकरवाडा, हर्णै किंवा मालवणच्या बाजूचा मासळीचा बर्फ सहज मिळतो. तो वापरायला हरकत नाही, पण तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही, म्हणून मांस बंद पिशवीत ठेवूनच त्यात पुरावे.

काम करणाऱ्यांपैकी कुणाला जुलाब किंवा ताप असेल तर त्याला पूर्ण बरा होईपर्यंत मांसाजवळ येऊ देऊ नये, आणि त्या दिवसांची मजुरी कापू नये. मजुरी कापली की माणूस आजार लपवतो.

नोंदणी आणि तपासणी

अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे दिवसाला २ मोठी, १० लहान जनावरे किंवा ५० कोंबड्यांपर्यंत नोंदणी, आणि त्याहून पुढे ५० मोठी, १५० लहान किंवा १,००० कोंबड्यांपर्यंत राज्याचा परवाना लागतो. स्थानिक संस्थेचा ना-हरकत दाखला आधी घ्यावा.

तपासणीसाठी मांसाचे नमुने निर्जंतुक पिशवीत, बर्फाच्या डब्यात, न गोठवता २४ तासांत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोहोचवावेत. तेथे २५ ग्रॅम मांस आधी पोषक द्रवात वाढवतात, मग एक्सएलडी नावाच्या लाल माध्यमावर पसरतात. त्यावर साल्मोनेलाच्या ठिपक्यांचा मध्य काळा दिसतो. खात्री झाल्यावर जिवाणू दुसऱ्या माध्यमावर पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती ठरलेल्या मापाइतके मोठे स्वच्छ वर्तुळ उमटले तर औषध लागू पडते. जिवाणू चकतीच्या कडेपर्यंत दाट वाढला तर नाही. या सगळ्याला चार-पाच दिवस किंवा अधिक लागतात, त्यामुळे तोवर ते मांस विकले आणि खाल्लेही गेलेले असते. तपासणी एखादा नग पास करण्यासाठी नसून आपली पद्धत ठीक चालली आहे की नाही हे पाहण्यासाठी करावी. ‘साल्मोनेला आढळला का’ एवढेच न विचारता ‘कोणत्या औषधांना दाद देत नाही’ हेही लेखी मागावे आणि तो अहवाल तालुक्याच्या पशुवैद्यकाला दाखवावा.

स्वयंपाकघरात

रश्श्याचे मटण कुकरमध्ये शिजते तेव्हा आत १०० अंशांहून अधिक तापमान असते आणि साल्मोनेला टिकण्याचा प्रश्नच उरत नाही. धोका असतो तो खिम्याच्या कबाबात, घाईत परतलेल्या कलेजीत, आणि त्याहूनही अधिक ताटातल्या न शिजवलेल्या पदार्थांत. खिमा आतून गुलाबी राहू नये. स्वयंपाकाचा तापमापी असेल तर गाभ्यात ७१ अंश, कोंबडीत ७४ अंश दिसावेत. हळद, मीठ, लिंबू किंवा आले-लसूण चोळून ठेवल्याने जिवाणू मरतो असे समजू नये.

अनेक घरांत मटण विळीवरच कापले जाते आणि त्याच विळीच्या खवणीवर सोलकढीसाठी नारळ खवला जातो. पात्यावरचे मांसरस पाटावर ओघळतात, तिथून हात खोबऱ्याला लागतात, आणि सोलकढी तर उकळली जात नाही. आमसुलाच्या आंबटपणावर भरवसा ठेवू नये, कारण बऱ्यापैकी आंबट पदार्थातही साल्मोनेला काही काळ तग धरतो. नारळ आधी खवून, रस काढून, झाकून ठेवावा. कांदा-कोथिंबीर आधी चिरावी. मांसाला सर्वांत शेवटी हात घालावा. मांस नळाच्या धारेखाली धुतल्यास तुषार ओट्यावर लांबपर्यंत उडतात, म्हणून धुवायचेच असेल तर खोलगट पातेल्यात, हळुवार धुवावे आणि नंतर पातेले, मोरी व हात साबणाने धुवावेत. फ्रीजमध्ये कच्चे मांस झाकून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे.

कुणी आजारी पडल्यास

साधारण ६ तास ते ६ दिवसांत जुलाब, ताप आणि पोटात मुरडा सुरू होतो आणि बहुतेकांना चार ते सात दिवसांत आपोआप बरे वाटते. या काळात मुख्य उपचार म्हणजे ओआरएस, पेज आणि विश्रांती. निरोगी प्रौढाला प्रतिजैविकाची सहसा गरज नसते. उलट ते घेतल्याने शौचातून जिवाणू अधिक दिवस जात राहतो. तान्ही मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना मात्र लगेच डॉक्टरांकडे न्यावे. शौचातून रक्त, उतरत नसलेला तीव्र ताप, लघवी कमी होणे किंवा गुंगी, यांपैकी काहीही दिसल्यास कुणीही थांबू नये. औषध सुरू करण्यापूर्वी शौचाची कल्चर तपासणी करता येईल का हे विचारावे, कारण पहिली गोळी पोटात गेल्यावर जिवाणू सापडण्याची शक्यता घटते आणि कोणते औषध लागू पडेल हे कळत नाही.

एकाच जेवणानंतर दोन किंवा अधिक घरांत त्रास झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. उरलेले मटण फेकू नये. बंद डब्यात, त्यावर खरेदीची तारीख, वेळ आणि दुकान लिहून फ्रीजमध्ये ठेवावे आणि तपासणीसाठी आलेल्या कर्मचाऱ्याच्या हवाली करावे.